चर्चिलचा वनवास, आणि पडद्यावर न दिसणारा भारत

युद्धाआधीच्या विन्स्टन चर्चिलवरचं कुठलंही ऐतिहासिक नाट्य लावा, चित्र साधारण एकच दिसतं. इंग्लंडातल्या केंट परगण्यातलं टेकडीवरचं घर. विटा रचणारा, चित्रं रंगवणारा, कर्जाने बेजार झालेला साठीचा माणूस. त्याच्यावर जीव असलेली, पण त्याच्या खर्चाने मेटाकुटीला आलेली बायको. कोटाच्या आत कागद लपवून येणारा परराष्ट्र खात्यातला अधिकारी. संसदेत घणाघाती भाषण, समोर कंटाळलेले चेहरे. मग सप्टेंबर १९३९ उजाडतो, युद्ध जाहीर होतं आणि अडगळीत पडलेला हा माणूस पुन्हा मंत्री होतो.

बघताना अंगावर काटा येतो, हे खरंच. पण एक प्रश्न उरतो आणि बहुतेक पटकथा त्याला बगल देतात. त्या संसदेत शहाण्या माणसांची कमी नव्हती. मग त्यांनी चर्चिलचं ऐकलं का नाही? सगळेच आंधळे होते?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग भारतात आहे. सायमन, आयर्विन, १९३५ चा कायदा अशी जी नावं आपण शाळेत परीक्षेपुरती पाठ केली, त्यांत आहे. ती नावं पडद्यावरून गाळली की चर्चिलची गोष्ट सोपी होते, पण कळत मात्र नाही.

खासदार होता, मग सत्तेबाहेर कसा?

ब्रिटिश संसदेत मंत्री पुढच्या बाकावर बसतात आणि बाकीचे खासदार मागच्या. मागच्या बाकावरच्या माणसाला बोलता येतं, मत देता येतं. सरकारी फाइल मात्र त्याला बघता येत नाही आणि निर्णयाच्या खोलीतही जाता येत नाही. १९२९ च्या जूनपासून १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत चर्चिलकडे मंत्रिपद नव्हतं, आणि १९३१ च्या जानेवारीपासून तो असा मागच्या बाकावरचा खासदार होता. याच दहा वर्षांना त्याचा वनवास म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पहिली दोन वर्षं सोडली, तर तो विरोधी पक्षात नव्हता. १९३१ च्या ऑगस्टपासून ब्रिटनमध्ये संयुक्त सरकार होतं आणि त्यात जोर होता तो चर्चिलच्याच हुजूर पक्षाचा. म्हणजे त्याला बाहेर ठेवलं होतं ते स्वकीयांनी. एकत्र कुटुंबात असा एखादा काका असतो. पंगतीला असतो, लग्नकार्यात पुढे असतो, पण जमीन विकायचं ठरतं तेव्हा त्याला बोलावत नाहीत.

का बोलावत नाहीत, याचीही कारणं होती. १९०४ मध्ये तो हुजूर पक्ष सोडून उदारमतवाद्यांकडे गेला होता आणि वीस वर्षांनी परत आला होता. पहिल्या महायुद्धात नौदलमंत्री असताना तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीवरच्या मोहिमेचा आग्रह त्याने धरला आणि ती मोहीम भयानक फसली. १९२४ ते २९ तो अर्थमंत्री होता. पौंडाची किंमत पुन्हा सोन्याला बांधण्याचा १९२५ चा निर्णय त्याचाच, आणि तोही अंगाशी आला. तरीही १९३० पर्यंत तो पक्षाच्या पहिल्या फळीतला नेता होता. जानेवारी १९३१ मध्ये त्या फळीतून तो आपण होऊन बाहेर पडला, तो हिटलरमुळे नव्हे. कारण होतं भारत.

भारतावरून एवढं काय बिनसलं?

३१ ऑक्टोबर १९२९ रोजी व्हाइसरॉय आयर्विन याने जाहीर केलं, की भारताच्या वाटचालीचं अंतिम ठिकाण म्हणजे वसाहतीचं स्वराज्य, कॅनडा-ऑस्ट्रेलियासारखं. कधी मिळणार याची तारीख नव्हती, नुसता शब्द होता. पण हुजूर पक्षाचा नेता स्टॅन्ले बाल्डविन याने त्या शब्दाला पाठिंबा दिला आणि चर्चिल पेटला. भारत गेला की ब्रिटन दुय्यम दर्जाचा देश होईल, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याचा भारत कुठला, हे सांगायला हवं. १८९६ मध्ये तरुण घोडदळ अधिकारी म्हणून तो मुंबईच्या ससून डॉकवर उतरला, आणि उतरतानाच बोटीच्या हेलकाव्यात त्याचा खांदा निखळला. ते दुखणं त्याला जन्मभर पुरलं. पुढे बंगळूरच्या छावणीत पोलो, गुलाबाची बाग आणि ढीगभर वाचन. १८९९ मध्ये तो परतला आणि नंतर भारतात त्याने पाऊल ठेवलं नाही. १९३१ मध्ये तो ज्या देशाबद्दल छातीठोकपणे बोलत होता, तो त्याने बत्तीस वर्षांपूर्वी, छावणीच्या कुंपणातून पाहिलेला होता.

फेब्रुवारी १९३१ मध्ये गांधीजी आयर्विनला भेटायला दिल्लीत व्हाइसरॉयच्या प्रासादात गेले. त्यावर चर्चिल आपल्या मतदारसंघात बोलला ते वाक्य आपल्याला ठाऊक आहे. मिडल टेम्पलचा हा राजद्रोही वकील आता फकिराचं सोंग घेऊन अर्धनग्न अवस्थेत व्हाइसरॉयच्या पायऱ्या चढतो, हे बघून किळस येते, असा त्याचा सूर होता. त्यात एक साधी चूकही होती: मिडल टेम्पल ही लंडनमधली बॅरिस्टर घडवणारी संस्था, आणि गांधीजी बॅरिस्टर झाले ते इनर टेम्पल या दुसऱ्या संस्थेतून. दोघांची भेट आयुष्यात एकदाच झाली, १९०६ मध्ये लंडनला, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या प्रश्नावर. तेव्हा चर्चिल वसाहत खात्यात उपमंत्री होता.

त्यानंतरची चार वर्षं त्याने भारताला प्रांतिक स्वराज्य देणाऱ्या विधेयकाविरुद्ध लढण्यात घालवली. सभा, समित्या, आणि संसदेत भाषणांवर भाषणं. १९३४ मध्ये तर त्याने भारतमंत्री सॅम्युएल होर याच्यावरच आरोप ठेवला. मँचेस्टरचे कापडवाले भारतातल्या जकातीवर नाराज होते आणि त्यांची साक्ष होरने दबाव आणून मवाळ करून घेतली, असा तो आरोप होता. संसदेच्या विशेषाधिकार समितीने तो फेटाळला. सभागृहात लिओ अ‍ॅमेरी नावाच्या खासदाराने चर्चिलची अशी खिल्ली उडवली की सगळे हसले. हा अ‍ॅमेरी पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

२ ऑगस्ट १९३५ रोजी कायदा झाला. तीन कोटींहून जास्त भारतीयांना मताचा हक्क मिळाला, १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या, प्रांतांमध्ये निवडून आलेली मंत्रिमंडळं बसली. पुढे आपल्या संविधानाच्या रचनेतही या कायद्याचा बराच सांगाडा आला. चर्चिलने सांगितलेला सर्वनाश काही झाला नाही.

आता त्याच्या सहकाऱ्यांच्या जागी बसून विचार करा. चार वर्षं हा माणूस वरच्या पट्टीत ओरडत होता, की गांधी साम्राज्य बुडवणार. त्याच काळात, त्याच पट्टीत, त्याच बाकावरून तो हेही सांगत होता, की जर्मनी चोरून विमानं बांधतोय. ऐकणाऱ्याने दोन आवाज वेगळे कसे करायचे? लांडगा आला रे आला या गोष्टीत पोरगं खोटं बोलत असतं. चर्चिल खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच दोन्हीकडे लांडगाच दिसत होता.

तीच माणसं, दुसरी फाइल

सप्टेंबर १९३८ मध्ये, चेकोस्लोव्हाकियाचं काय करायचं हे ठरवताना पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेनच्या आतल्या गोटात तो धरून चार माणसं होती. उरलेले तिघं कोण, ते बघा.

पहिला जॉन सायमन. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो मुंबईला उतरला तेव्हा काळे झेंडे आणि 'सायमन, परत जा' या घोषणांनी त्याचं स्वागत झालं. त्याच आयोगाच्या निषेधात लाहोरला लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या. हा सायमन १९३१ ते ३५ ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता आणि १९३८ मध्ये अर्थमंत्री. दुसरा सॅम्युएल होर, १९३५ चा कायदा संसदेतून पार पाडणारा भारतमंत्री. तो परराष्ट्रमंत्री होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हाच ब्रिटनच्या ताफ्याच्या पस्तीस टक्क्यांपर्यंत जर्मनीने नौदल वाढवावं, असा करार त्याने करून टाकला. तिसरा लॉर्ड हॅलिफॅक्स, तेव्हाचा परराष्ट्रमंत्री. वडिलांच्या मृत्यूनंतर त्याला हा किताब मिळाला. त्याआधीचं त्याचं नाव लॉर्ड आयर्विन. गांधी-आयर्विन करारातला तोच आयर्विन.

हे कळल्यावर मला तो सगळा काळ वेगळाच दिसायला लागला. चर्चिलच्या दृष्टीने गणित सरळ होतं: जे दिल्लीत गांधींपुढे नमले, तेच आता हिटलरपुढे नमताहेत. हॅलिफॅक्सच्या बाजूनेही एक गणित असावं, असं मला वाटतं. दिल्लीत समोरच्या माणसाशी बसून बोललं, थोडं दिलं, थोडं घेतलं आणि ५ मार्च १९३१ रोजी करार झाला. मग जर्मनीशी का होणार नाही?

दोघांचीही चूक मला एकच वाटते. गांधी आणि हिटलर या दोन माणसांना त्यांनी एकाच मापाने मोजलं. फक्त एकाला दोघेही चिरडण्याजोगे वाटले आणि दुसऱ्याला दोघेही समजावण्याजोगे. गंमत म्हणजे, हिटलरला हा फरक नीट कळत होता. नोव्हेंबर १९३७ मध्ये हॅलिफॅक्स त्याला बेर्खटेसगाडेनच्या डोंगरातल्या घरी भेटायला गेला. तिथे हजर असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय, की भारताचा विषय निघताच हिटलरने सल्ला दिला: गांधींना गोळी घाला, भागलं नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा, तेही पुरलं नाही तर दोनशे. गांधीजींसमोर बसून दोन-अडीच आठवडे वाटाघाटी केलेला माणूस हे ऐकत होता. या प्रसंगावर एखाद्या नाट्याचा अख्खा अंक उभा राहील.

अनुनयाचं धोरण म्हणजे नेमकं काय?

समोरचा गुरगुरतोय, तर त्याच्या काही मागण्या मान्य करून त्याला शांत ठेवायचं, म्हणजे लढाई टळेल. याला अनुनय म्हणतात. आपल्याकडच्या आजच्या राजकारणात याच अर्थाचे शब्द एकमेकांवर फेकले जातात. ते क्षणभर बाजूला ठेवा. इथे प्रश्न दोन देशांमधला होता.

बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांना हे लगेच समजेल. शेजारी दरवर्षी नांगरट करताना एक तास बांध कोरतो. एका तासासाठी कोर्टात कोण जाणार? पुढच्या वर्षी आणखी एक तास. मार्च १९३५ मध्ये हिटलरने हवाई दल आणि सक्तीची सैन्यभरती उघडपणे जाहीर केली. दोन्हींना पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने बंदी होती. मार्च १९३६ मध्ये ऱ्हाइनलँडमध्ये फौज घातली. तो मुलूख जर्मनीचाच, तिथे सैन्य ठेवायला मात्र मनाई. स्वतःच्याच अंगणात गेला, त्यात काय, असं लंडनमध्ये बरेच लोक म्हणाले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला. सप्टेंबरमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन भाषिक सीमाभाग मागितला, आणि म्युनिकमध्ये तो देऊनही टाकला गेला. मोजणी चालली होती तिसऱ्याच्या जमिनीची, आणि तो तिसरा, म्हणजे चेक प्रतिनिधी, बैठकीच्या बाहेर थांबला होता.

आज हे वाचताना संताप येतो. पण तेव्हाच्या ब्रिटिश माणसाच्या डोक्यात वेगळं काही होतं. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमच्या लढाईत १९ हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिक मेले होते. गावोगावी स्मारकांवर नावांच्या रांगा होत्या. शिवाय विमान ही नवी भीती. बॉम्बफेकी विमान कसंही करून शहरावर पोचणारच, असं बाल्डविनने १९३२ मध्येच संसदेत सांगून टाकलं होतं. पहिल्या महायुद्धानंतरचा तह जर्मनीवर फार कडक लादला गेला, अशी टोचणीही अनेकांना होती. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये २७५ विरुद्ध १५३ मतांनी ठरावच केला, की राजा आणि देशासाठी आम्ही कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते.

पण ब्रिटन इतका बेसावध राहिला कसा?

इथे चर्चिलच्या चाहत्यांना अडचणीत टाकणारी एक गोष्ट येते. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने लष्करी खर्च आखण्यासाठी एक गृहीतक धरलं: येती दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही. त्या वर्षी ते ठीकच होतं. पण ही दहा वर्षं रोज नव्याने मोजायची, असं १९२८ मध्ये ठरलं. दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते ना, तसंच. पाटीवरचा उद्या कधी येत नाही आणि या नियमातलं युद्धही कायम दहा वर्षं लांबच राहतं. विमानं, जहाजं, तोफा यांचा पैसा त्याच हिशेबाने कापला गेला. १९३२ मध्ये नियम मोडीत निघाला. रोज नव्याने मोजण्याची दुरुस्ती सुचवणारा अर्थमंत्री होता विन्स्टन चर्चिल.

पुढे सरकारला तयारीत झालेल्या हेळसांडीचा जाब विचारताना त्याने हा स्वतःचा वाटा फारसा सांगितला नाही.

गुप्त कागद त्याच्याकडे यायचे कुठून?

मागच्या बाकावरच्या खासदाराकडे जर्मन विमानांचे आकडे असणं हे खरं तर आश्चर्यच. परराष्ट्र खात्यातला राल्फ विग्रॅम, औद्योगिक गुप्तवार्तेचा प्रमुख डेस्मंड मॉर्टन, आणि १९३६ पासून हवाई दलातला टॉर अँडरसन, असे लोक त्याला माहिती पुरवत. मॉर्टनचं घर चार्टवेलपासून, म्हणजे चर्चिलच्या केंटमधल्या घरापासून, पायी जाण्याइतकं जवळ होतं. विग्रॅमच्या पायात पोलिओमुळे अधूपण होतं, घरी अपंग मुलगा होता, आणि तरीही त्याने नोकरी पणाला लावली. १९३६ च्या शेवटच्या दिवशी तो गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटतं.

याला घरभेदीपणा म्हणायचं का? कायद्याने धोका नक्कीच होता. जून १९३८ मध्ये चर्चिलचा जावई, खासदार डंकन सँडिस याने लंडनच्या संरक्षणासाठी विमानविरोधी तोफा किती अपुऱ्या आहेत याबद्दल प्रश्न विचारायला घेतला. त्याच्याकडची माहिती इतकी अचूक होती की सरकारी गुपितांच्या कायद्याखाली कारवाईची भाषा झाली. माझ्या मते त्या अधिकाऱ्यांनी योग्य तेच केलं: माहिती शत्रूला गेली नाही, आपल्याच संसदेतल्या एका सभासदाला गेली.

आकडे मात्र सगळे खरे नव्हते. जर्मनीच्या हवाई ताकदीबद्दलचे चर्चिलचे अंदाज बरेचदा फुगलेले होते. त्याला एकट्याला दोष देता येत नाही. मार्च १९३५ मध्ये खुद्द हिटलरने बर्लिनमध्ये सायमनला सांगितलं होतं, की आम्ही विमानांत तुमच्या बरोबरीला आलोय. ती बढाई होती. दिशा बरोबर आणि मोजमाप चुकलेलं, असा हा मामला होता.

घरात काय चाललं होतं?

नाट्यांचा सगळ्यात खरा भाग मला हाच वाटतो. चर्चिल आणि क्लेमेंटाइन यांचं लग्न १९०८ चं. पाच मुलं, त्यातली मॅरिगोल्ड १९२१ मध्ये तिसरं वर्षही पुरं व्हायच्या आत गेली. पुढच्याच वर्षी, धाकटी मेरी जन्मली त्या सुमारास, नवऱ्याने बायकोला न विचारता चार्टवेल हे घर पाच हजार पौंडांना घेऊन टाकलं. ओल आणि कुजलेलं लाकूड असलेलं घर. दुरुस्तीत खरेदीपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले. क्लेमेंटाइनने त्या घरावर मनापासून प्रेम कधी केलं नाही, चालवलं मात्र तिनेच.

पैशांची ओढाताण खरी होती. खासदाराचा पगार तेव्हा वर्षाला सुमारे ४०० पौंड. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात चर्चिलची मोठी रक्कम गेली. डिसेंबर १९३१ मध्ये व्याख्यानांसाठी न्यूयॉर्कला गेला असताना मोटारीने उडवलं, कसाबसा वाचला. त्यामुळे लेखन हा छंद नव्हता, चूल त्यावर पेटत होती. आपल्या पूर्वजाचं, मार्लबरोच्या ड्यूकचं चार खंडांचं चरित्र त्याने याच वर्षांत लिहिलं. १९३८ मध्ये घर विकायची वेळ आली, तेव्हा हेन्री स्ट्राकोश नावाच्या धनिकाने त्याचं सुमारे १८ हजार पौंडांचं ओझं स्वतःवर घेतलं. भारतीय चलनाविषयीच्या १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगाचा सदस्य होता तो हाच. डॉ. आंबेडकरांनी ज्या आयोगापुढे साक्ष दिली, तोच आयोग.

डिसेंबर १९३४ मध्ये क्लेमेंटाइन उठली आणि लॉर्ड मॉइन यांच्या नौकेवरून चार महिन्यांच्या सफरीला निघून गेली, थेट आजच्या इंडोनेशियापर्यंत. सोबतीला होता एक कलावस्तूंचा व्यापारी, आणि त्याच्यात तिचं मन थोडं गुंतलं असं म्हणतात. परत येताना तिने बालीहून एक पारवा आणला. तो मेल्यावर चार्टवेलच्या बागेत सूर्यघड्याळाखाली पुरला.

ती समुद्रावर असताना घरात काय झालं, ते ऐका. मुलगा रँडॉल्फ फेब्रुवारी १९३५ मध्ये लिव्हरपूलच्या वेव्हरट्री पोटनिवडणुकीला उभा राहिला, स्वपक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध आणि भारताच्या विधेयकाच्या मुद्द्यावर. त्याने दहा हजारांहून जास्त मतं खाल्ली आणि जागा मजूर पक्षाला गेली. वडिलांना आधी विचारलंसुद्धा नव्हतं, तरी पक्षाचा राग वडिलांवरच. महिन्याभरात नॉरवुडला त्याने आणखी एक बंडखोर उभा केला. तिथला अधिकृत उमेदवार डंकन सँडिस निवडून आला, आणि रँडॉल्फची बहीण डायना त्याच्याच प्रेमात पडली. सप्टेंबरमध्ये लग्न. गुपितांच्या कायद्याच्या कचाट्यात सापडता सापडता राहिलेला जावई तो हा. दुसरी मुलगी सारा रंगभूमीवर नाचायची. ती विनोदी नट व्हिक ऑलिव्हरसाठी बोटीने अमेरिकेला पळाली आणि बापाने मागच्या बोटीने रँडॉल्फला धाडलं. लग्न झालंच, डिसेंबर १९३६ मध्ये.

त्याच महिन्यात राजा आठव्या एडवर्डने लग्नासाठी गादी सोडली. राजाला थोडा वेळ द्या, असं म्हणायला चर्चिल संसदेत उभा राहिला आणि खासदारांनी ओरडून त्याला खाली बसवलं. जर्मनीबद्दल त्याचं म्हणणं नुकतं कुठे लोकांना पटायला लागलं होतं. त्या एका दुपारी ते पाण्यात गेलं.

चेंबरलेनने वेळ मिळवला, हे खरं नाही का?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९३८ मध्ये ब्रिटनकडे स्पिटफायर विमानं जेमतेम येऊ लागली होती आणि किनाऱ्यावरची रडारची साखळी अपुरी होती. १९४० च्या हवाई लढाईत याच दोन गोष्टी कामी आल्या, आणि त्यांवर खर्च झाला तो चेंबरलेनच्या अर्थमंत्री आणि पंतप्रधान असण्याच्या काळात. पण वर्ष जर्मनीलाही मिळालं. शिवाय मार्च १९३९ मध्ये हिटलर प्रागमध्ये शिरला तेव्हा चेक सैन्याची शस्त्रं आणि स्कोडाचे तोफांचे कारखाने त्याला आयते मिळाले. मला चर्चिलची बाजू इथे जास्त पटते. म्युनिकनंतर, ५ ऑक्टोबर १९३८ रोजी, हा निखळ पराभव आहे असं त्याने संसदेत सांगितलं तेव्हा बाहेर लोक चेंबरलेनचा जयजयकार करत होते. तसं बोलायला छाती लागते. त्याच्या मतदारसंघातल्या पक्षकार्यकर्त्यांनी त्याला उमेदवारीवरून हटवण्याच्या हालचालीही केल्या.

आणि बंगाल?

युद्धापाशी थांबणाऱ्या नाट्यात १९४३ येत नाही. पण मराठी वाचक हा प्रश्न विचारणार, आणि विचारायलाच हवा. बंगालच्या दुष्काळात अंदाजे तीस लाख माणसं मेली. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ जपानी आक्रमणाने बंद झाला, मिदनापूरला वादळ झालं, महागाई आणि साठेबाजी झाली, सरकारने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून होड्या काढून घेतल्या. आणि धान्यासाठी जहाजं द्या ही मागणी लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने पुन्हा पुन्हा नाकारली किंवा अपुरी पुरवली. पंतप्रधान चर्चिल होता.

धान्य मागत होता तो भारतमंत्री लिओ अ‍ॅमेरी, १९३४ मध्ये चर्चिलची खिल्ली उडवणारा. या माणसाचा जन्म गोरखपूरचा. त्याने १९३५ च्या कायद्याला पाठिंबा दिला होता आणि म्युनिकला विरोध केला होता; म्हणजे गांधींशी बोलावं आणि हिटलरला रोखावं, ही दोन्ही मतं एका डोक्यात राहू शकत होती. मे १९४० मध्ये संसदेत चेंबरलेनला 'देवाच्या नावाने, निघा' असं सुनावून चर्चिलची वाट मोकळी करणाराही तोच. आणि ऑगस्ट १९४४ च्या रोजनिशीत त्यानेच लिहिलंय, की भारताबद्दलचं चर्चिलचं बोलणं ऐकून त्याला तोंडावर सांगितलं: तुमच्या आणि हिटलरच्या दृष्टीत मला फारसा फरक दिसत नाही.

शेवटचा प्रसंग

नाट्याचा शेवट बहुतेक वेळा ३ सप्टेंबर १९३९ ला होतो. सकाळी सव्वाअकराला चेंबरलेन रेडिओवर बोलतो, संध्याकाळपर्यंत चर्चिल नौदल खात्यात पोचतो, १९१५ मध्ये जिथून त्याला बाहेर पडावं लागलं होतं तिथेच.

त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने भारतही युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. केंद्रीय विधिमंडळाला विचारलं नाही, १९३५ च्या कायद्याखाली निवडून आलेल्या एकाही मंत्रिमंडळाला विचारलं नाही. त्याच्या निषेधार्थ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि कारभार पुन्हा गव्हर्नरच्या हाती गेला. चर्चिलने चार वर्षं जे होऊ नये म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, ते सुमारे अडीच वर्षांत बहुतेक प्रांतांत बंद पडलं होतं, आणि तो स्वतः पुढच्या बाकावर परतला होता.